पाठीवर रायफल असताना छातीवर पिस्तूल कशाला?

एल्क, म्हणजे उत्तर अमेरिकेतलं मोठं हरीण, पडला की शिकाऱ्याचं खरं काम सुरू होतं. तीन-साडेतीनशे किलोचं जनावर, गाडी कुठेतरी चार-पाच किलोमीटरवर, आणि मांस खराब व्हायच्या आत कातडं काढून, तुकडे करून सगळं पाठीवरून वाहून न्यायचं. यात काही तास सहज जातात. या वेळात रायफल झाडाला टेकवलेली असते, हातात सुरी असते, दोन्ही हात कोपरापर्यंत माखलेले असतात आणि नजर खाली असते. रक्ताचा आणि आतड्यांचा वास वाऱ्यावर पसरत जातो. वायोमिंग, मोंटाना किंवा अलास्काच्या जंगलात त्या वासाच्या मागावर ग्रिझली अस्वल येऊ शकतं. ते आलं की जे अंगावर आहे तेच हत्यार. झाडाला टेकवलेली रायफल दहा पावलांवर असली तरी ती आता हिशेबात नाही.

तिकडचे शिकारी रायफलीबरोबर पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर बाळगतात ते याच वेळासाठी. त्याला ते साइडआर्म म्हणतात. त्याने शिकार करायची नसते, शिकारीत आपण सापडलो तर सुटायचं असतं.

पुण्यात बसून याची चर्चा कशाला, असं वाटेल. पण बालेवाडीच्या रेंजवर पिस्तूल चालवणाऱ्या आमच्यासारख्यांना हा प्रश्न दर वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरात हमखास येतो. कुणाची मावशी विचारते, कुणाचे सासरे. मुलगा किंवा भाचा अमेरिकेत नोकरीला असतो, ऑफिसातले मित्र त्याला शिकारीला नेणार असतात, आणि घरच्यांना दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या असतात: हे सुरक्षित आहे ना, आणि त्याने कोणतं पिस्तूल घ्यावं? मी शिकारी नाही, नेमबाज आहे. पण पिस्तुलाने काय होतं आणि काय होत नाही, हे समजावून सांगणं मला गरजेचं वाटतं. कारण बहुतेक जण दुकानात जाऊन आधी बोअर (नळीच्या भोकाची जाडी) विचारतात, आणि बोअर हा या निवडीतला तिसरा-चौथा प्रश्न आहे.

पहिला प्रश्न: समोर कोण येऊ शकतं?

भाचा कोलोरॅडोत असेल तर तिथे आज ग्रिझलींची वस्ती नाही. काळं अस्वल आणि माऊंटन लायन (प्यूमा) आहेत, आणि दोघेही बहुतेक वेळा माणसाची चाहूल लागली की निघून जातात. टेक्सासमध्ये जखमी रानडुक्कर अंगावर येण्याची शक्यता जास्त. ग्रिझलीचा खरा प्रदेश म्हणजे अलास्का, मोंटाना, वायोमिंग, आयडाहो. अलास्कात तर माजावर आलेला किंवा पिलू बरोबर असलेला मूस (हरणांतलं सगळ्यात मोठं जनावर) सुद्धा धोकादायक असतो. काळ्या अस्वलासाठी पुरेसं असलेलं हत्यार ग्रिझलीसाठी पुरेसं असेलच असं नाही, आणि ग्रिझलीसाठी घेतलेलं जड धूड टेक्सासच्या उन्हात कंबर मोडतं. त्यामुळे शहराचं नाव कळल्याशिवाय मी पिस्तुलाचं नाव सांगत नाही.

युरोपात याच हत्याराचं काम वेगळं. जर्मनीच्या शिकार कायद्यात पिस्तुलाने शिकार करायला बंदी आहे. बिळातलं किंवा सापळ्यातलं जनावर सोडलं, तर पिस्तूल फक्त जखमी जनावराला यातनांतून सोडवणाऱ्या शेवटच्या गोळीसाठी वापरता येतं. त्या गोळीलाही नळीच्या तोंडाशी किमान २०० ज्यूल ऊर्जा हवी, असा आकडा कायद्यातच दिला आहे. आपल्याकडे परवानाधारकांच्या कपाटात सर्रास दिसणारं ऑर्डनन्स फॅक्टरीचं .३२ रिव्हॉल्व्हर या कसोटीला उतरत नाही. त्याच्या काडतुसाची ऊर्जा साधारण १५० ज्यूलच्या आसपास भरते.

पिस्तुलाची ताकद: सिनेमात दिसते तेवढी नाही

ज्यूल म्हणजे किती, तर एक किलोचं वजन १० सेंटिमीटरवरून खाली पडलं की साधारण एक ज्यूल. पोलिसांकडे असतं त्या ९ एमएम पिस्तुलाची गोळी साडेचारशे ते पाचशे ज्यूल घेऊन निघते. .३५७ मॅग्नम हे १९३५ सालचं काडतूस सातशेच्या पुढे जातं. १० एमएम ऑटो आठशे-नऊशे. .४४ मॅग्नम, जे १९५५ मध्ये आलं आणि अस्वलांच्या मुलखात कित्येक वर्षं प्रमाण मानलं गेलं, ते हजार ते साडेतेराशे. २००३ मध्ये आलेलं .५०० स्मिथ अँड वेसन त्याच्याही दुपटीच्या पुढे.

आता शेजारी रायफल ठेवा. अमेरिकेत हरणापासून एल्कपर्यंत सगळ्याला चालणारी साधी .३०-०६ रायफल साधारण ३,९०० ज्यूल देते. म्हणजे ज्या .४४ मॅग्नमचं नाव ऐकून लोक डोळे मोठे करतात, ते रायफलीच्या एक तृतीयांशावर थांबतं.

फरक फक्त आकड्याचा नाही. रायफलची गोळी सेकंदाला ८०० मीटरच्या वेगाने शिरते तेव्हा तिच्या धक्क्याने आजूबाजूचं मांस, रक्तवाहिन्या, सगळं फाटतं. पिस्तुलाची गोळी ३००-४०० मीटरच्या वेगाने जाते. ती आपल्या जाडीएवढं भोक पाडते आणि पुढे सरकते, बाजूला फारसं काही होत नाही. अस्वलाच्या हृदयात गोळी लागली तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर ते काही सेकंद धावू शकतं, आणि तेवढे सेकंद तुमचा जीव घ्यायला पुरेसे असतात. जागच्या जागी थांबवायचं तर गोळी मेंदूत किंवा मणक्यात जायला हवी. तिथवर पोचायला कवटीचं हाड, खांद्याचं हाड, हिवाळ्यासाठी साठवलेली चरबी आणि मानेचे जाड स्नायू, एवढं सगळं भेदावं लागतं.

म्हणून गोळीचा प्रकार बोअरइतकाच, किंबहुना काकणभर जास्त महत्त्वाचा. स्वसंरक्षणासाठी दुकानात सहज मिळते ती पोकळ नाकाची गोळी. ती शरीरात शिरली की फुलासारखी उमलते आणि तिथेच थांबते. शहरात हे चांगलं, कारण गोळी आरपार जाऊन मागच्या माणसाला लागत नाही. अस्वलाच्या बाबतीत हाच गुण उलटतो. गोळी चरबीत आणि स्नायूत उमलून अडकते. अस्वलासाठी घेतात ती कडक शिशाची, सपाट नाकाची गोळी. शिशात अँटिमनी आणि कथील मिसळून ती टणक केलेली असते, म्हणून हाडावर आदळूनही आकार फारसा न बदलता सरळ आत जाते. २०१६ मध्ये अलास्कात एका मुरलेल्या गाईडने अंगावर येणारं तपकिरी अस्वल (ग्रिझली याच जातीतलं) ९ एमएम पिस्तुलाने मारलं होतं. त्याच्या मॅगझिनमध्ये अशाच टणक गोळ्या भरलेल्या होत्या. या घटनेवरून ९ एमएम घ्या असं मी कुणालाही सांगणार नाही. त्या माणसाचा हात आणि डोकं आपल्याकडे नाही. पण गोळीचा प्रकार किती फरक पाडतो ते यातून कळतं.

हे दुसरं हत्यार म्हणजे काही नवी अमेरिकन टूम नाही, हेही जाता जाता सांगायला हवं. एकोणिसाव्या शतकात हत्तीच्या हौद्यातून वाघाची शिकार करणारे इंग्रज अधिकारी जवळ दुनळी, आखूड, जाड बोअरची पिस्तुलं ठेवत. त्यांना हौदा पिस्तूलच म्हणायचे. जखमी वाघ हत्तीच्या अंगावर चढला की लांब रायफल वळवायला जागा नसे, तेव्हा हे कामाला येई. प्रश्न तोच होता: वेळ नाही, अंतर नाही, आणि मोठं हत्यार हातात नाही.

सगळा खेळ दोन सेकंदांचा

ग्रिझली ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास धावू शकतं, म्हणजे सेकंदाला १५ मीटर. झुडपातून ३० मीटरवर बाहेर आलं तर तुमच्याकडे दोन सेकंद आहेत. त्यातलं निम्मं तर समोर काय आहे ते उमगण्यातच जातं. उरलेल्या वेळात हात पिस्तुलापर्यंत जायला हवा, म्यानाची पट्टी सुटायला हवी, नळी वर यायला हवी आणि चाप ओढला जायला हवा.

सप्टेंबर २०१८ मध्ये वायोमिंगच्या टेटन भागात जे घडलं ते या हिशेबाचं सगळ्यात दुःखद उदाहरण आहे. एक गाईड आणि त्याचा पाहुणा आदल्या दिवशी बाणाने जखमी केलेल्या एल्कपाशी परतले आणि मांस काढायला बसले. त्यांच्याकडे १० एमएमचं ग्लॉक पिस्तूल होतं. अस्वलासाठी ते कुणीही योग्यच म्हणेल. पण ते सामानापाशी, काही अंतरावर ठेवलेलं होतं. ग्रिझली आलं ते थेट गाईडवर. पाहुणा पिस्तुलापर्यंत पोचला, पण त्याला ते चालवता आलं नाही. त्याने ते गाईडच्या दिशेने फेकलं आणि ते मध्येच पडलं. गाईड वाचला नाही. बोअर बरोबर होतं, कंपनी बरोबर होती, काडतुसं होती. हत्यार ज्याला लागणार होतं त्याच्या अंगावर नव्हतं, आणि ज्याच्या हाती आलं त्याला ते येत नव्हतं.

पुण्यात आपण हेल्मेट आरशाला अडकवून गाडी चालवणारे शेकड्याने बघतो. बॅगेत ठेवलेलं पिस्तूल तसंच आहे. त्यामुळे दुसरा प्रश्न, माझ्या मते सगळ्यात मोठा, हा आहे: ते अंगावर कुठे राहणार? कमरेला लावलं की अडचण होते. पाठीवरच्या मोठ्या सॅकचा रुंद पट्टा नेमका तिथेच बांधला जातो, वरून जाड जॅकेट येतं, आणि बसून काम करताना मूठ मांडीत रुतते. लोक कंटाळून ते काढून ठेवतात. म्हणून अस्वलांच्या मुलखात छातीवरचं होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, रूढ झालं. खांद्यावरून आणि पाठीमागून पट्टे, मधोमध छातीवर तिरकं बसवलेलं पिस्तूल. सॅक घातली तरी ते बाहेर राहतं, वाकून मांस कापताना आड येत नाही, आणि जमिनीवर उताणे पडलात तरी हात तिथे पोचतो.

एक किलोचं ओझं दिवसभर छातीवर वागवणं सोपं नाही, आणि इथे वजनाचा मुद्दा येतो. हलकं घेतलं तर अंगावर राहील पण धक्का जास्त देईल, जड घेतलं तर धक्का सोसवेल पण तिसऱ्या दिवशी ते तंबूत राहील. स्कँडियमच्या मिश्रधातूचं पाऊण किलोच्या आतलं .४४ मॅग्नम मिळतं. बाळगायला फारच सोयीचं. पण पूर्ण ताकदीच्या काडतुसांनी पाच-सहा फैरी झाडल्या की तळहात असा झिणझिणतो की पुढची फैर झाडावीशी वाटत नाही, म्हणजे सराव होत नाही. जे हत्यार सरावात नकोसं होतं ते मी नवख्या माणसाला कधीच सुचवत नाही.

रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

या वादात दोन्ही बाजूंना खरं म्हणणं आहे, म्हणून जरा थांबून बघू.

रिव्हॉल्व्हरचा मोठा गुण म्हणजे ते कशालाही अडत नाही. बार उडाला नाही तर चाप पुन्हा ओढा, पुढचं काडतूस समोर येतं. थंडीत, जाड हातमोज्यांत, घाबरलेल्या बोटांनीही हे जमतं. आणखी एक गोष्ट नेमबाजांच्याही पटकन लक्षात येत नाही. जनावर अंगावर आहे आणि तुम्ही नळी त्याच्या अंगात खुपसून चाप ओढता. रिव्हॉल्व्हर उडतं. बहुतेक सेमी-ऑटो पिस्तुलं (प्रत्येक बारानंतर पुढचं काडतूस आपोआप भरणारी) मात्र अशा वेळी उडत नाहीत, कारण नळीचं तोंड दाबलं गेलं की स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) थोडी मागे सरकते आणि चाप जोडणीतून सुटतो. रिकाम्या पिस्तुलाची नळी भिंतीवर दाबून हे बघता येतं. अर्थात मॅगझिन काढून, चेंबर (नळीमागचं काडतुसाचं घर) डोळ्याने आणि बोटाने दोनदा तपासून मगच.

रिव्हॉल्व्हरचा दोष म्हणजे पाच किंवा सहाच फैरी, आणि पुन्हा भरायला वेळ मिळणार नाही. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये जड काडतुसं घातली की आणखी एक भानगड होते. प्रत्येक बाराच्या धक्क्याने उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या आपल्या पितळी पुंगळीतून थोड्या थोड्या पुढे सरकतात. एखादी इतकी पुढे येते की सिलिंडर (काडतुसांचं फिरतं चाक) फिरतच नाही, आणि रिव्हॉल्व्हर जाम होतं. हे आधीच तपासता येतं: पाच फैरी झाडायच्या, सहावं काडतूस बाहेर काढून त्याची लांबी नव्या काडतुसाशी ताडून बघायची.

सेमी-ऑटो पिस्तुलात १० एमएमचं ग्लॉक २० सध्या फार चालतं. मॅगझिनमध्ये १५ काडतुसं, चपटं असल्याने छातीवर बरं बसतं, धक्का .४४ पेक्षा बराच कमी. ग्रीनलंडच्या बर्फात कुत्र्यांच्या गाडीवरून गस्त घालणाऱ्या डेन्मार्कच्या सिरियस पथकाकडे ध्रुवीय अस्वलांसाठी हेच पिस्तूल असतं. मोठं काम करायला रायफली असतातच. पिस्तुलाला मात्र मनगट घट्ट लागतं. मूठ सैल पडली की स्लाइड पूर्ण मागे जात नाही आणि काडतूस अडकतं. अडकलेलं काडतूस दोन सेकंदांत मोकळं करणं हे वेगळं शिक्षण आहे, ते यूट्यूबवर बघून येत नाही.

माझा कौल विचाराल तर असा. ज्याने आयुष्यात फारसं पिस्तूल चालवलेलं नाही आणि जो वर्षातून चार दिवस जंगलात जाणार आहे, त्याने चार इंची नळीचं, पोलादी, किलोभर वजनाचं .३५७ किंवा .४४ रिव्हॉल्व्हर घ्यावं; .४४ असेल तर मध्यम ताकदीच्या टणक गोळ्या वापराव्यात. जो आधीपासून सेमी-ऑटोवर नियमित सराव करतो त्याने १० एमएम घ्यावं आणि सवयीचं यंत्र सोडू नये. .५०० च्या नादी कुणीही लागू नये. तेवढी ताकद हवी असेल तर रायफल हातात ठेवावी, आणि दोघांपैकी एकाने मांस कापताना दुसऱ्याने रायफल घेऊन उभं राहावं. हा शेवटचा उपाय फुकट आहे आणि बाकी सगळ्यांपेक्षा सरस आहे.

सराव कसा करायचा

आमच्या २५ मीटरच्या खेळात स्थिर लक्ष्य, शांत श्वास, एका हाताने नेम. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण जिंकलं. त्यातली चाप ओढायची शिस्त इथेही कामी येते: नळी हलू न देता, झटका न देता. पण बाकी सगळं वेगळं आहे. इथे अंतर सात मीटर, दोन्ही हात, आणि लक्ष्य अंगावर येतंय.

सुरुवात घरीच, रिकाम्या हत्याराने आणि नकली काडतुसांनी करावी: जंगलात घालणार तेच जॅकेट, तीच सॅक, तेच हातमोजे घालून छातीवरून पिस्तूल काढायचं. मग रेंजवर. सात मीटरवर नाश्त्याच्या कागदी डिशएवढं लक्ष्य, आणि पट्टी सोडण्यापासून पहिली गोळी लागेपर्यंत दोन सेकंद. हे दहापैकी नऊ वेळा जमलं की हत्यार आपलं झालं असं समजावं. तिकडचे काही प्रशिक्षक टायरमध्ये पुठ्ठ्याचं लक्ष्य बसवून तो उतारावरून सोडतात आणि त्यावर गोळ्या झाडायला लावतात. पहिल्यांदा बहुतेकांच्या गोळ्या टायरच्या मागे पडतात. कान झाकायला विसरू नका. आखूड नळीच्या मॅग्नमचा आवाज एका बारात कान कायमचे अधू करू शकतो.

मिरचीचा फवारा

आता जे दुकानदार स्वतःहून सांगणार नाही ते: अस्वलाच्या तोंडावर मारायचा मिरचीचा फवारा, म्हणजे बेअर स्प्रे. टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलास्कातल्या अस्वलांच्या घटना गोळा करून दोन अभ्यास प्रसिद्ध केले. २००८ च्या अभ्यासात १९८५ ते २००६ मधल्या स्प्रे वापरल्याच्या ८३ घटना होत्या. तपकिरी अस्वलाचं वागणं फवाऱ्याने थांबलं असं ९२ टक्के वेळा दिसलं, आणि जवळून गाठ पडलेल्या, स्प्रे जवळ असलेल्या लोकांपैकी ९८ टक्के लोकांना काहीही इजा झाली नाही. २०१२ च्या अभ्यासात बंदुकीच्या २६९ घटना तपासल्या. पिस्तुलांनी ८४ टक्के वेळा अस्वल थांबलं, लांब बंदुकांनी ७६ टक्के. पण ज्यांनी बंदूक चालवली आणि ज्यांच्याकडे असून चालवली नाही, त्यांच्या इजेच्या प्रमाणात फरक दिसला नाही.

हे आकडे एकास एक ताडून बघणं बरोबर नाही. स्प्रेच्या बऱ्याच घटनांत अस्वल नुसतं कुतूहलाने जवळ आलं होतं, हल्ला करत नव्हतं. तरीही स्प्रेची बाजू भक्कम आहे. सात-आठ मीटरवर तो रुंद ढग उभा करतो, त्याला मेंदू-मणक्याचा नेम लागत नाही, आणि मित्राच्या अंगावर अस्वल असताना तो मारला तर मित्र खोकेल, रडेल, पण जगेल. पिस्तुलाची गोळी तिथे मित्रालाच लागू शकते. उलट बाजूने, समोरून जोराचा वारा असेल तर तो तुमच्याच डोळ्यांत येतो, आणि कडाक्याच्या थंडीत डब्यातला दाब कमी होतो. दोन्ही बाळगावं, स्प्रे हाताशी आधी यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. स्प्रे विमानात नेता येत नाही, चेक-इन सामानातही नाही. तिथे उतरून विकत घ्यायचा.

आधी व्हिसा बघा

पुण्याच्या घरांसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, आणि हाच सगळ्यात कमी लोकांना माहीत असतो. अमेरिकेच्या संघीय कायद्याने नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाच्या, व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा काडतुसं जवळ बाळगायला मनाई आहे. नोकरीचा एच-१बी आणि शिक्षणाचा एफ-१ यात येतात. मित्राने हातात दिलेलं पिस्तूलही 'बाळगणं' ठरू शकतं. २०२२ पासून या गुन्ह्याला १५ वर्षांपर्यंत कैद आहे, आणि व्हिसा जातो तो वेगळा. यातून एक वाट आहे: अमेरिकेतल्या एखाद्या राज्याचा चालू शिकार परवाना असेल तर ही मनाई लागत नाही. म्हणजे भाच्याने आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा, शिकार परवाना काढावा, तो खिशात ठेवावा, आणि मगच हत्याराला हात लावावा. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. परवाना हाती असला तरी पिस्तूल दुसऱ्या राज्यात जाऊन दुकानातून घेता येत नाही, आणि काही राज्यांत फक्त धनुष्यबाणाच्या हंगामात बंदूक जवळ ठेवायला निर्बंध आहेत. कॅनडात असाल तर विषयच संपतो. तिथे सामान्य शिकाऱ्याला पिस्तूल बाळगायची मुभा नाही आणि ऑक्टोबर २०२२ पासून पिस्तुलांची खरेदी-विक्रीही गोठवलेली आहे.

अलास्कात जीव वाचवायला अस्वल मारावं लागलं तर ते मारणाऱ्याचं होत नाही. कातडं नखांसकट आणि कवटी काढून सरकारजमा करावी लागते, लेखी जबाब द्यावा लागतो. ग्रिझलीला अलास्का सोडून बाकी सलग अमेरिकेत १९७५ पासून संघीय संरक्षण आहे, त्यामुळे तिथे तर रीतसर चौकशी होते.

आणि आपल्याकडे?

हा लेख वाचून जुन्नर-आंबेगावच्या उसात बिबट्या दिसतो म्हणून पिस्तूल घ्यावं का, असं कुणी विचारेल, म्हणून सांगतो. भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. सुरुवातीला त्यात परवान्याने शिकारीला जागा होती, १९९१ च्या दुरुस्तीने ती बंद झाली. जीव वाचवताना सद्हेतूने वन्यप्राणी मारला गेला तर तो गुन्हा नाही, पण मेलेलं जनावर सरकारचं आणि हेतू सिद्ध करायची वेळ तुमच्यावर येऊ शकते. पिकांचं नुकसान करणाऱ्या रानडुकरांसाठी वनखात्याची लेखी परवानगी लागते. पिस्तुलाचा परवाना पुणे शहरात पोलीस आयुक्तांकडून मिळतो, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, आणि ९ एमएम, .३८ ही बोअरं सामान्य माणसाला बंद आहेत. म्हणजे हाती येणार ते बहुधा .३२. त्या बोअरने बिबट्या थांबत नाही, फक्त जखमी होतो, आणि जखमी बिबट्या गावाच्या जवळ असणं ही पूर्ण शिवाराची आपत्ती. रात्री पाणी द्यायला जाताना दोघांनी मिळून जाणं, मोठी बॅटरी, मोबाईलवर मोठ्याने गाणी, उसाच्या कडेला खाली न बसणं, लहान मुलांना अंधारात एकटं न सोडणं, याने जास्त जीव वाचतात.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. भाचा शिकारीहून आला आणि दिवाळीला पुण्याला निघाला, की त्याच जॅकेटच्या खिशात किंवा सॅकच्या तळाशी एखादं काडतूस राहून जातं. लोहगाव विमानतळावर ते स्कॅनरमध्ये दिसलं तर शस्त्रास्त्र कायद्याखाली गुन्हा नोंदवला जाऊ शकतो, चूक झाली म्हणून सांगितल्याने सुटका होईलच असं नाही, आणि सुट्टी वकिलाच्या ऑफिसात जाते. शिकारीची सॅक आणि जॅकेट भारतात आणूच नये. आणायचंच असेल तर निघायच्या आदल्या दिवशी प्रत्येक कप्पा उलटा करून झटकावा, अस्तराच्या शिवणीतून बोट फिरवावं, आणि रिकामी पितळी पुंगळी सापडली तरी ती तिथेच ठेवून यावी.